रिपोर्टात फाटलंय, पण दुखतंय त्यामुळेच का?

पत्र

डॉक्टर, मी २० वर्षांची आहे, व्हॉलीबॉल खेळते. उजव्या हाताने स्मॅश मारते. चार महिन्यांपूर्वी आमचं दहा दिवसांचं शिबिर झालं. एरवी एक वेळ सराव असतो, तिथे सकाळ-संध्याकाळ होता. शिबिर संपता संपता उजवा खांदा दुखायला लागला. तीन आठवडे पूर्ण विश्रांती घेतली, दुखणं गेलं. नंतर पहिल्याच दिवशी खेळले आणि परत सुरू. एक-दोनदा तर जोरात स्मॅश मारल्यावर हात क्षणभर लुळाच पडला. एमआरआयमध्ये सुप्रास्पिनेटस या खांद्याच्या स्नायूचा टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारा दोर) अर्धवट फाटलाय आणि लेब्रम (सांध्याच्या खोबणीची कड) झिजलाय असं आलं. एक सर्जन दुर्बिणीची शस्त्रक्रिया करू म्हणतात. आमचे सर म्हणतात, इंजेक्शन घे आणि खेळ, खांदा सगळ्यांचाच दुखतो. फिजिओकडे दहा दिवस मशीन लावलं, शेक घेतला, फरक नाही. आठ आठवड्यांनी स्पर्धा आहे. फाटलेलं आपोआप जुळतं का? व्यायाम केला तर अजून फाटेल का? रिपोर्ट वाचल्यापासून धड झोप नाही.
— एक स्मॅशर

उत्तर

तुझी झोप उडवली ती रिपोर्टातल्या ‘फाटलाय’ या शब्दाने. माझं लक्ष मात्र तू जाता जाता लिहिलेल्या दोन गोष्टींवर अडकलं. शिबिरात सराव एकाचा दोन वेळ झाला, आणि हात क्षणभर लुळा पडला. तुझ्या खांद्याचं निदान या दोन वाक्यांच्या आसपास कुठेतरी आहे. एमआरआय त्यात भर घालेल, पण सुरुवात तिथून करायची नाही.

आधी त्या रिपोर्टाची भीती थोडी कमी करू. २००३ साली एक छोटा अभ्यास प्रसिद्ध झाला. हात डोक्यावर नेऊन खेळणारे २० खेळाडू घेतले, ज्यांना खांद्याचा काहीही त्रास नव्हता, आणि त्यांच्या दोन्ही खांद्यांचे एमआरआय काढले. खेळण्याच्या हाताच्या २० पैकी ८ खांद्यांत रोटेटर कफ, म्हणजे खांदा सावरणाऱ्या चार स्नायूंच्या टेंडनचा वेढा, अर्धवट किंवा पूर्ण फाटल्याच्या खुणा निघाल्या. दुसऱ्या हाताच्या खांद्यांत एकही नाही. पाच वर्षांनी त्यांना पुन्हा विचारलं, तर त्यांतल्या कुणालाही खांद्याचा त्रास झालेला नव्हता. वीस हा आकडा लहान आहे, मान्य. पण मुद्दा पुढेही वारंवार दिसला आहे. वर्षानुवर्षं जोरात फेकणाऱ्या, मारणाऱ्या खांद्याचं चित्र कोरं करकरीत नसतंच. तुझा एमआरआय दुखायच्या आधी काढला असता तर त्यात हेच दिसलं नसतं कशावरून? कदाचित दिसलं असतं, आणि तू मजेत खेळत राहिली असतीस.

याचा अर्थ रिपोर्ट फेकून दे असा नाही. तुझी तक्रार, तपासणी आणि चित्र ही तिन्ही एकाच जागेकडे बोट दाखवत असतील तरच त्या चित्राला वजन. तुझ्या पत्रात तपासणीचा उल्लेखच नाही. सर्जननी हात कुठे कुठे वळवून पाहिला, ताकद कशी मोजली, मान तपासली का, यातलं काहीच तू लिहिलेलं नाहीस. तू विसरली असशील, किंवा ते झालंच नसेल. दुसरी शक्यता मला जास्त वाटते, कारण हातात फिल्म आली की तपासणी आखडते हे मी फार वेळा पाहिलं आहे.

खांद्याची रचना थोडी समजून घे म्हणजे पुढचं पटेल. दंडाच्या हाडाचा गोळा मोठा आणि तो ज्या खोबणीत बसतो ती लहान, उथळ, बशीवर चेंडू ठेवावा तशी. म्हणूनच हात इतका सगळीकडे फिरतो, आणि म्हणूनच तो निसटूही शकतो. खोबणीच्या कडेला लेब्रम नावाची कूर्चेची कड असते, ती खोबण थोडी खोल करते. गोळा जागेवर धरून ठेवायचं रोजचं काम चार स्नायूंचं, सुप्रास्पिनेटस, इन्फ्रास्पिनेटस, टेरेस मायनर आणि सबस्कॅप्युलॅरिस. त्यांचे टेंडन एकत्र येऊन गोळ्याला वेढतात, तोच रोटेटर कफ. स्मॅशचा जोर बऱ्याच अंशी पाय आणि धडातून येतो. कफचं अवघड काम चेंडूला हात लागल्यानंतर सुरू होतं. पुढे झेपावलेला हात थांबवायचा, आणि तोही क्षणभरात. आठवड्याला १६ ते २० तास खेळणारा अव्वल अटॅकर एका मोसमात सुमारे ४०,००० स्मॅश मारतो असा एक जुना अंदाज आहे. तू त्याच्या निम्मे मारत असलीस तरी तेवढ्या वेळा या चार स्नायूंनी ब्रेक लावलेला असतो.

आता शिबिराकडे येऊ. टेंडनला सवयीचा भार चालतो, अचानक वाढलेला चालत नाही. स्नायू काही आठवड्यांत ताकद कमावतो, टेंडनला तेच करायला महिने लागतात. त्यामुळे खेळाडूला वाटतं आपण तयार आहोत, आणि टेंडन मागे राहिलेला असतो. ६७९ तरुण हँडबॉल खेळाडूंवर ३१ आठवडे लक्ष ठेवून केलेला एक डॅनिश अभ्यास आहे. ज्यांचा एका आठवड्यातला खेळ आधीच्या चार आठवड्यांच्या सरासरीपेक्षा ६० टक्क्यांहून जास्त वाढला, त्यांच्यात खांद्याच्या दुखापतींचं प्रमाण जवळपास दुप्पट निघालं. ज्यांची हात बाहेर वळवायची ताकद कमी होती किंवा पाठीवरचं पातं नीट हलत नव्हतं, त्यांना तर २० ते ६० टक्क्यांची वाढही सोसली नाही. तुझ्या शिबिरात वाढ १०० टक्के होती. खांदा दुखला नसता तरच नवल.

आणि तीन आठवड्यांची विश्रांती? तिने दुखणं थांबलं, पण टेंडनची सोसण्याची ताकद वाढली नाही, उलट थोडी घटली. मग तू पहिल्याच दिवशी पूर्ण जोराने खेळलीस. म्हणजे शिबिरातलीच गोष्ट पुन्हा घडली, आणि यावेळी खांदा आधीपेक्षा कमी तयार होता. विश्रांती घेणारे खेळाडू हमखास इथेच फसतात. दुखणं गेलं म्हणजे बरं झालं असं वाटतं. ओढलेल्या स्नायूच्या बाबतीत ते बऱ्यापैकी खरंही असतं, टेंडनच्या बाबतीत नसतं.

दुसरी गोष्ट, लुळा पडलेला हात. हे मला कागदावरून सोडवता येणार नाही, आणि म्हणूनच सगळ्यात आधी हे कुणीतरी प्रत्यक्ष तपासायला हवं. जोरात मारण्याच्या टोकाच्या क्षणी हात मेल्यासारखा होणं ही बऱ्याचदा गोळा खोबणीत किंचित सरकत असल्याची खूण असते. वीस वर्षांच्या मुलीच्या खांद्यात नुसता ‘टेंडन फाटला’ हे निदान मला अपुरं वाटतं. पडणं-झडणं न होता या वयात कफ मुळात दुखण्याइतका फाटतो कमी, सैल खांद्याला सावरताना थकतो जास्त. तसं असेल तर टेंडनचं दुखणं हा परिणाम, कारण सैलपणा. हात असा लुळा पडण्यामागे मानेतली नस किंवा खांद्याजवळची नसही असू शकते. व्हॉलीबॉलमध्ये पात्याच्या मागून जाणारी एक नस ताणली जाते आणि इन्फ्रास्पिनेटस हळूहळू सुकतो. १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत ९६ अव्वल व्हॉलीबॉलपटूंपैकी १२ जणांत हे आढळलं होतं, आणि त्या बाराही जणांना त्याचा पत्ता नव्हता. आज घरी कुणाला तरी तुझ्या पाठीचा फोटो काढायला सांग, हात सैल सोडून. उजव्या पात्यावरचा मधला भाग डाव्यापेक्षा खोलगट दिसला तर तो फोटो डॉक्टरांना दाखव.

नीट तपासणी म्हणजे काय ते सांगतो, म्हणजे झाली की नाही ते तुला ओळखता येईल. क्रीडावैद्यक जाणणारा डॉक्टर किंवा खेळाडूंबरोबर काम करणारा फिजिओ आधी मान बघेल. मग मागे उभा राहून तुला दोन्ही हात वर-खाली करायला लावेल, एकदा रिकामे, एकदा हलकं वजन धरून, आणि पाती कशी फिरतात ते पाहील. हात बाजूने वर नेताना साधारण ६० ते १२० अंशांमध्येच दुखतं का, हे विचारेल. मग तुला पाठीवर झोपवून कोपर खांद्याच्या रेषेत ठेवून हात आत आणि बाहेर किती वळतो ते दोन्ही बाजूंना मोजेल. या मोजमापात एक गंमत आहे. मारणाऱ्या हाताचा खांदा बाहेर जास्त आणि आत कमी वळतो, कारण वाढत्या वयात खेळल्यामुळे हाडाचाच पीळ बदलतो. ते आजारपण नाही. बाहेरचं आणि आतलं वळण मिळून बेरीज दोन्ही खांद्यांत सारखी आहे का, हे बघायचं. उजवीकडची बेरीज कमी भरली तर मागचा भाग आखडलाय, त्याला ताण द्यायचे. डावीकडेही सगळं भरपूर वळत असेल, अंगठा वाकवून मनगटाच्या वर हाताला लागत असेल, तर तुझं अंगच सैल आहे आणि मग ताण देणं बंद. याच कारणासाठी कुणा मैत्रिणीला सांगितलेलं स्ट्रेचिंग बघून तू करू नकोस.

शेवटी हात मागे टोकापर्यंत नेऊन, आता निसटेल अशी धास्ती वाटते का ते बघतात, आणि पुढून हाताने गोळा दाबून धरल्यावर ती जाते का. दुखणं आणि धास्ती या वेगळ्या गोष्टी आहेत. विचारल्यावर प्रामाणिकपणे वेगवेगळं सांग. यातली कुठलीही एक चाचणी एकटी विश्वासाची नाही, सगळ्यांचं मिळून चित्र बनतं. ताकद मोजायला हातात धरायचं छोटं यंत्र मिळतं. बाहेर वळवायची ताकद आत वळवायच्या ताकदीच्या किमान दोन तृतीयांश तरी असावी, स्मॅशरची ती हमखास कमी पडते.

आता तुझे प्रश्न. फाटलेलं जुळतं का? अर्धवट फाटलेला टेंडन बहुधा पूर्वीसारखा सलग होत नाही, पण त्याची गरजही नसते. उरलेला भाग जाड आणि मजबूत होऊ शकतो, आणि बाकीचे तीन स्नायू वाटा उचलतात. व्यायामाने अजून फाटेल का? बेताबेताने वाढवलेल्या भाराने ती भीती फारशी नाही. शिबिरासारख्या उडीची भीती मला जास्त आहे. टेंडनला भार हवाच, त्याशिवाय त्यातल्या पेशींना नवीन तंतू विणायचं कारण मिळत नाही. फक्त वेळापत्रक सांभाळायचं. जोरदार व्यायामानंतर पहिले २४ ते ३६ तास टेंडनमध्ये झीज भरतीपेक्षा जास्त असते, मग पारडं फिरतं. म्हणून जड व्यायाम एक दिवसाआड, रोज नाही.

तपासणीत नस आणि निसटणं याबाबत काही गंभीर निघालं नाही असं धरून पुढचं लिहितो. स्मॅश आणि उडी मारून सर्व्हिस आजपासून बंद. खेळ बंद नाही. खालून पास, डिफेन्स, पायांचे आणि पोटाचे व्यायाम चालू ठेव, कारण पाय आणि धड कमी पडले की ती कसर खांदा भरतो. सुरुवातीला कोपर अंगाला लावून रबरी पट्टा बाहेरच्या बाजूला ओढून न हलवता धरायचा, ३० ते ४५ सेकंद, चार-पाच वेळा. यातून पुष्कळांचं दुखणंही थोडं उतरतं. एक-दोन आठवड्यांत डंबेल घेऊन कुशीवर झोपून हात बाहेर वळवणं, पट्टा किंवा केबल स्वतःकडे ओढणं, आणि दंड काढताना वर आल्यावर पाती अजून पुढे ढकलणं. वजन असं निवड की आठ-दहा वेळा झाल्यावर अकरावी जमू नये. लुटुपुटूच्या गुलाबी डंबेलने शंभर वेळा हात हलवून टेंडनला काही कळत नाही. चौथ्या आठवड्याच्या सुमाराला हेच व्यायाम कोपर खांद्याच्या उंचीला आणून करायचे, मग भिंतीवर छोटा जड चेंडू फेकणं-झेलणं.

दुखण्याचं काय करायचं? शून्य ते दहा मोजलं तर व्यायाम करताना तीनपर्यंत चालेल. दुसऱ्या दिवशी सकाळी ते आदल्या सकाळइतकंच असायला हवं. जास्त असेल तर पुढच्या वेळी वजन किंवा खेपा कमी, व्यायाम बंद नाही. एका वहीत रोज सकाळचा आकडा लिही.

स्मॅश परत सुरू करताना मोजून. आधी जमिनीवर उभं राहून निम्म्या जोराने वीस-पंचवीस, एक दिवसाआड. मग संख्या वाढव, मग जोर, सगळ्यात शेवटी उडी. एकाच वेळी दोन गोष्टी वाढवायच्या नाहीत. हे सगळं पुरं व्हायला टेंडनच्या दुखण्यात साधारण १२ आठवडे धरतात, कधी जास्त. तुझ्याकडे आठ आहेत.

म्हणून इंजेक्शनचा मोह होतो, कळतं मला. स्टिरॉइडचं इंजेक्शन काही आठवडे दुखणं दाबतं. लांबचा फायदा दिसत नाही, वारंवार घेतलं तर टेंडन कमकुवत होतो. ७०८ रुग्णांवरच्या एका मोठ्या ब्रिटिश चाचणीचा निष्कर्ष २०२१ मध्ये आला, त्यातही वर्षभराच्या हिशेबात इंजेक्शनने काही साधलं नाही. रात्रीची झोप उडवणारं दुखणं असेल, व्यायामच करू देत नसेल, तर एखादं इंजेक्शन मी समजू शकतो. दुखण्याची जाणीव घालवून त्याच खांद्याने पूर्ण जोरात स्मॅश मारायला मात्र नाही. शिवाय सरांना हेही सांग, की १ जानेवारी २०२२ पासून जागतिक उत्तेजक प्रतिबंधक संस्थेच्या नियमांत स्पर्धेच्या काळात स्टिरॉइडचं कुठल्याही प्रकारचं इंजेक्शन निषिद्ध आहे, सांध्यातलंसुद्धा. औषध शरीरातून जायला दिवस लागतात आणि औषधागणिक ते वेगळे. चाचणीत सापडलीस तर खांद्यापेक्षा मोठं दुखणं होईल. मशीन आणि शेकाबद्दल इतकंच की त्यांनी बरं वाटलं तर वाटू दे, टेंडन त्याने घडत नाही.

शस्त्रक्रियेला माझा विरोध नाही, तिच्या वेळेला आहे. लेब्रमचा वरचा भाग शिवण्याची शस्त्रक्रिया, बायसेप्सचा टेंडन हलवून बसवण्याची शस्त्रक्रिया आणि नुसती त्वचेवर छेद देऊन केलेली लुटुपुटूची शस्त्रक्रिया यांची तुलना नॉर्वेत ११८ रुग्णांवर झाली, निकाल २०१७ मध्ये आला. तिन्ही गटांत लक्षणीय फरक सापडला नाही. ते रुग्ण तुझ्यापेक्षा वयाने बरेच मोठे होते, त्यामुळे तो निष्कर्ष तुला जसाच्या तसा चिकटवता येत नाही. पण फक्त एमआरआय पाहून विशीतल्या खेळाडूचा लेब्रम शिवायची घाई करू नये इतकं त्यातून नक्की घेता येतं. शिवणीनंतर खांदा घट्ट होतो, आणि डोक्यावरून मारणाऱ्याला तो घट्टपणाच नडतो. तीन ते सहा महिने मन लावून केलेल्या व्यायामाने फरक पडला नाही, किंवा सैलपणा तपासणीत स्पष्ट निघाला आणि खांदा निखळायला लागला, किंवा नसेवर गाठ दाबत असेल, तर त्याच सर्जनकडे जा आणि मोकळ्या मनाने जा. नेमकं काय शिवणार, का, आणि त्यानंतर स्मॅश किती महिन्यांनी, हे तीन प्रश्न विचार.

काही गोष्टींत मात्र आठवड्यांचा हिशेब करत बसायचं नाही. पडल्यावर किंवा एका झटक्यानंतर हात वर उचलताच येईना, खांदा निखळला, बोटांना मुंग्या येऊन ताकद जाऊ लागली, ताप आणि खांद्याला सूज, किंवा पूर्ण हात सुजून निळसर, जड झाला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. शेवटचं विशेष लक्षात ठेव, कारण हात डोक्यावर नेऊन खेळणाऱ्या तरुण खेळाडूंमध्ये काखेजवळच्या शिरेत रक्त गोठू शकतं आणि ते खांद्याचं दुखणं समजून सोडून दिलं जातं.

स्पर्धेबद्दल खोटी आशा देत नाही. आठव्या आठवड्याला तू पूर्ण ताकदीने स्मॅश मारत असशील असं मला वाटत नाही. सहाव्या आठवड्याच्या शेवटी एक दिवस ठरव. उजव्या हाताची बाहेर वळवायची ताकद डाव्याच्या बरोबरीला आली आहे का, उभ्याने पूर्ण जोरात मारलेल्या स्मॅशनंतर दोन सकाळी वहीतला आकडा न वाढता राहिला का, आणि हे सहा आठवडे हात एकदाही लुळा न पडता गेले का. तिन्ही उत्तरं होय असतील तर मोजक्या स्मॅशसह काही सेट. एकही उत्तर ‘नाही’ असेल तर लिबेरो, म्हणजे स्मॅश न मारता फक्त बचाव करणारी खेळाडू, म्हणून मागच्या रांगेत. पण ही जागा ऐनवेळी मिळत नाही, संघाची मांडणी आधी ठरते. म्हणून सरांशी आजच बोल, आणि बोलताना रिपोर्ट नको, शिबिरातल्या सरावाचे तास लिहून ने.